मागचा उजवा दिवा

आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभी असते ती पांढरी गाडी माझ्या थोरल्या दिरांची. ते आफ्रिकेत साखर कारखान्यात नोकरीला होते. कायमचे परत आले तेव्हा ही गाडी त्यांनी बोटीतून मुंबईला उतरवली आणि गावी आणली. तिकडेही आपल्यासारखंच डाव्या बाजूनं चालवतात, म्हणून स्टिअरिंग उजवीकडे आहे, नाहीतर इथे चालवताच आली नसती, हे ते येईल त्याला सांगतात. आली तेव्हा ती नवी होती. आता तिचा रंग हाताला पिठासारखा लागतो. तसली दुसरी गाडी मालवणात नाही, कुडाळात नाही, कोल्हापुरातही कोणी पाहिलेली नाही. दिरांना त्याचा अभिमान आहे.

गाडी दिरांची, पण चालवायचे माझे यजमान. धाकट्या भावाने थोरल्याची गाडी चालवायची, त्यात कोणाला काही विशेष वाटलं नाही. घर दिरांनी नव्यानं बांधलेलं. काजूची बाग दोघांची, पण विचारून करायचं सगळं दिरांना. यजमानांचं स्वतःचं असं एकच होतं, ते म्हणजे त्यांचा हात. वाडीतली बाळंतीण न्यायची असली, कोणा म्हाताऱ्याला ओरोसच्या दवाखान्यात दाखवायचं असलं, तर लोक गाडी कोणाचीही ठरवत, चालवायला मात्र ह्यांना बोलवत. "तो चलयता तेव्हा पोटातला पाणी हलणा नाय," म्हणायचे. हे ऐकलं की ते खाली बघून हसायचे. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं, आणि मागितलंही नव्हतं.

गाडीचं दुखणं इंडिकेटरपासून सुरू झालं. पहिल्यांदा उजवीकडचा बाण फार जलद टिकटिक करायला लागला. जवळच्या कट्टा गावातल्या मेकॅनिकनं कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "खंयचो तरी बल्ब गेलो. एक बल्ब गेल्यार दुसरो घाई करता." बल्ब बदलला. काही दिवस बरे गेले. मग टिकटिकच बंद झाली, दोन्हीकडची. त्या वेळी स्टिअरिंगच्या खाली असलेली एक लहान डबी बदलली. तिच्यामुळेच म्हणे दिवा लागतो आणि विझतो. मूळची डबी कुठे मिळेना, म्हणून दुसऱ्याच गाडीची बसवली, आणि टिकटिकीचा ठेका बदलला. दिरांना तो ठेका आवडला नाही. गाडीत बसले की तोंड वाकडं करायचे.

त्यानंतर लाल त्रिकोणाचं बटण. सगळे दिवे एकदम लावायचं ते बटण दोनचार वेळा दाबलं-सोडलं की मेलेला इंडिकेटर जागा व्हायचा. मेकॅनिक म्हणाला, आतून मळतं, वापरात नसतं ना. तेव्हापासून यजमान रोज सकाळी आधी ते बटण दाबून सोडायचे, मग किल्ली फिरवायचे. असं करत एकेक दुखणं मिटलं. राहिला तो मागचा उजवा दिवा. तो कधी लागायचा, कधी नाही. मेकॅनिकपुढे नेला की हटकून लागायचा. मेकॅनिक बल्ब काढून पॉलिश पेपरनं घासायचा, परत बसवायचा आणि हात पुसत म्हणायचा, "आता बघा." आता लागायचाच.

एकदा तो म्हणाला, "मालक, डिकीतलो गालिचो काढून बघूया. अर्थिंग खंय तरी सुटता. नायतर नवी वायर मारून बॉडीक जोडतंय, कायमचा काम होयत."

दीर म्हणाले, "माझ्या गाडीची वायर कापूची नाय. कंपनीन घातलेली वायर आसा ती. तुमी लोक गावलं भोक की घाल वायर. मगे गाडी काय आणि रिक्षा काय."

मेकॅनिकनं पाना पिशवीत टाकला. गालिचा तसाच राहिला.

माझं काम मागे उभं राहायचं. सकाळी गाडी बाहेर काढण्यापूर्वी यजमान आत बसून एकेक दिवा लावायचे आणि मी मागून बघायची. दुसऱ्या कोणाच्या घरी असतं तर बायकोनं ओरडून सांगितलं असतं, लागला, नाही लागला. पण दीर पडवीत चहा घेत बसलेले असायचे. थोरल्या दिरांसमोर मी आवाज चढवत नाही, त्यांच्याशी थेट बोलत नाही. तेही माझ्याशी बोलत नाहीत. काही सांगायचं झालं तर जावेला सांगतात आणि जाऊ मला सांगते, मग मी दोन हातांवर असले तरी. आमच्याकडे जुनी रीत आहे, आणि मला ती जड गेली नाही, कारण मुळात चार माणसं समोर असली की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. म्हणून मी हातानं दाखवायची. दिवा लागला की मूठ उघडायची, विझला की मिटायची. यजमान ते आरशात बघायचे. जाऊ म्हणायची, "सकाळी सकाळी कोणाक टाटा करतस गो?"

एका सकाळी चाकामागे लावायचा धोंडा कोणी तरी काढून नेला होता. आमचं खळं रस्त्याच्या बाजूला उतरतं आहे. गाडी सरकू नये म्हणून यजमानांनी ब्रेकवर पाय ठेवला, आणि ब्रेकचा लाल दिवा लागला तसा पिवळा लुकलुकायचा थांबला. विझलासुद्धा नाही नीट. विझत आलेल्या निखाऱ्यासारखा आत धुगधुगत राहिला. माझी मूठ मिटलेलीच राहिली.

यजमान खाली उतरले. "काय गो, हात कित्याक थांबवलंस?"

"पेटणा नाय."

"आता तर पेटता."

आता पेटत होता. त्यांचा पाय ब्रेकवर नव्हता. ते परत जाऊन बसले, ब्रेक दाबला, पिवळा गेला. सोडला, पिवळा आला. परत दाबला, परत गेला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. रस्त्यावर वळताना माणूस ब्रेक मारतोच. म्हणजे खळ्यात उभ्या गाडीचा दिवा लागायचा आणि नेमका जिथे लागायला हवा तिथे तो विझायचा.

यजमानांनी पडवीत जाऊन दिरांना सांगितलं. मी खांबाच्या आड होते.

"दादा, ब्रेक मारल्यार उजवो इंडिकेटर जाता. हिना बघितल्यान."

दिरांनी चहाचा कप खाली ठेवला. "ब्रेकाचो आणि इंडिकेटराचो काय संबंध रे? उद्या सांगशील, होरन वाजवलंय म्हणान घरातलो पंखो बंद पडलो."

जाऊ मोठ्यानं हसली. यजमानही थोडे हसले. दिरांनी केलेल्या विनोदाला हसायचं असतं.

"गाडी नीट धुवूक शिक," दीर म्हणाले. "आफ्रिकेत ह्या गाडयेन एक दिवस त्रास दिल्यान नाय."

जावेनं मात्र ते मनावर घेतलं, तिच्या पद्धतीनं. गाडी आल्यापासून वळणावरच्या देवचाराला, वाट राखणाऱ्या देवाला, एकदाही नारळ दिलेला नाही, हे तिला आठवलं. तिनं गाऱ्हाणं घालून घेतलं. गाऱ्हाणं घालणाऱ्यानं, गाडीक आणि गाडीतल्या लेकराबाळांक सांभाळ रे महाराजा, असं म्हटलं, आम्ही सगळ्यांनी होय महाराजा म्हटलं. पुढे काही दिवस दिवा बरा लागला, तेव्हा जाऊ माझ्याकडे बघून म्हणाली, "बघितलंस? तू ब्रेकान जाता म्हणा होतंस ना?"

यजमानांनी मग त्यांच्यापुरता उपाय काढला. उजवीकडे वळायचं असलं की इंडिकेटर द्यायचा आणि काच खाली करून हातही बाहेर काढायचा. मेकॅनिकलाही ते पटलं. पण एसी लावलेल्या गाडीत दिरांना काच उघडलेली चालत नाही. आणि हात तर नाहीच.

"रिक्षावाल्यासारखो हात भायर काढू नको. लोक काय म्हणतीत?"

त्यामुळे दीर गाडीत नसले तर हात बाहेर, असले तर आत.

त्या दिवशी दीर गाडीत होते. त्यांचं कलेक्टर कचेरीत काम होतं, आणि मला डोळे दाखवायचे होते म्हणून यजमानांनी मलाही घेतलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, लांबचं तुम्हाला चांगलं दिसतं, जवळच्यासाठी चष्मा लागेल. परत येताना मी मागे बसले होते. कट्ट्याचा बाजार मागे पडला. आमच्या वाडीचा रस्ता त्यापुढे उजवीकडे फुटतो. दीर फोनवर बोलत होते. यजमानांनी दांडी खाली केली आणि टिकटिक सुरू झाली, ती मी ऐकली. त्यांचा हात काचेच्या बटणावर गेला. दिरांनी फोन कानाचा न काढता दुसऱ्या हातानं खूण केली, आणि म्हणाले, "उघडू नको रे, ऐकाक येणा नाय." बटणावरचा हात परत स्टिअरिंगवर आला. ब्रेक लागला. टिकटिक अडखळली. गाडी वळली, आणि मागून आलेली मोटारसायकल यजमानांच्या दारावर आदळली.

मोटारसायकलवर आमच्याच भागातला लाइनमन होता. पुढे जायला बघत होता तो. पावसात तार तुटली, खांब पडला की भर वाऱ्यात येऊन लाइट लावून जाणारा माणूस. त्याचा पाय मांडीखाली असा वळला होता की मी बघू शकले नाही. यजमानांनी त्याला उचललं, रस्त्यातल्या टेम्पोत घातलं आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन गेले. दीर गाडीतच होते. "नंतर करतो," असं ते फोनवर म्हणाले, एवढं माझ्या कानात राहिलं आहे.

लाइनमन शुद्धीवर आल्यावर जे सांगायचं ते त्यानं सांगितलं, आणि ते खरंच होतं. गाडीनं इंडिकेटर दिला नाही. त्याला कुठून दिसणार?

दुसऱ्या दिवशी पोलीस येणार होते. आदल्या संध्याकाळी दिरांनी यजमानांना पडवीत बोलावलं. मी माजघरात तांदूळ निवडत होते. दारं सताड उघडी होती, त्यांना लपवायचंही नव्हतं.

"गाडीत दोष आसा असा झाला तर गाडी नेतीत," दीर म्हणाले. "नेली म्हणजे गेली. ह्या गाडयेचे भाग गावनत नाय, परत कोण रस्त्यार येवक देयत? तू इसारलंस असा म्हण. माणूस इसारता."

"मी दिलेलंय दादा."

"दिलेलंस रे. मी खंय नाय म्हणतंय? पण गाडी गेल्यार परत येवची नाय. तुझ्या नावाचा काय, चार दिवसांनी लोक इसारतले."

 मी सुपातला एकच खडा किती वेळ बोटानं इकडून तिकडे ढकलत होते.

सकाळी हवालदार आले, आणि गाडी तपासायला ओरोसहून एक साहेब आले. खळ्यात वाडीतले पुरुष गोळा झाले होते. दीर एरवी आमच्यासारखंच मालवणी बोलतात, साहेबांशी शुद्ध मराठीत बोलत होते. "गाडी जुनी असली तरी व्यवस्थित ठेवलेली आहे. सगळे दिवे चालू आहेत. आपण स्वतः पाहावं."

हवालदारांनी यजमानांना विचारलं, "तुम्ही वळताना इंडिकेटर दिला होता का?"

यजमान विहिरीच्या कठड्याला टेकून उभे होते. त्यांनी दिरांकडे बघितलं. मग म्हणाले, "लक्षात नाय."

साहेबांचा माणूस गाडीत बसला, त्यानं उजवी दांडी खाली केली. मागचा दिवा लुकलुकायला लागला. साहेब त्याच्या मागे, जिथे मी रोज उभी राहायची त्या जागेवर उभे राहिले आणि म्हणाले, "चालू आहे." लिहायला लागले.

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. खळ्यात कशी आले ते मला सांगता येणार नाही. 

"ब्रेक दाबून बघा," मी म्हटलं.

कोणी ऐकलं नाही. हवालदार माझ्या जवळ होते, ते वळले. "काय म्हणता, बाई?"

"ब्रेक दाबल्यावर जातो तो. ब्रेक दाबून बघा."

मी त्या खळ्यात एवढ्या पुरुषांपुढे पहिल्यांदा बोलले. दीर माझ्याकडे बघत नव्हते, ते यजमानांकडे बघत होते. "तिका आत जावक सांग," ते म्हणाले. त्या वेळीही मला नाही.

साहेब माणूस बरा होता. म्हणाला, "दाबा हो ब्रेक." ब्रेक दाबला. लाल दिवा लागला, आणि त्याच्या बाजूला पिवळा लुकलुकत राहिला. चांगला, स्वच्छ. "सोडा. परत दाबा." परत लुकलुकला. रोज माझ्यासमोर विझणारा दिवा सगळ्या वाडीसमोर लग्नातल्या लाइटच्या माळेसारखा लागत होता. मेकॅनिकनं पुढे कधी तरी सांगितलं की धक्क्यानं आतली गंजलेली जागा तेवढ्यापुरती पकडली असणार. पण ते पुढे.

दीर साहेबांना म्हणाले, "त्यांचे डोळे त्याच दिवशी दाखवून आणले होते, साहेब. चष्मा लागलाय."

कोणी तरी हसलं. वाडीतलं, रोजचं बघण्यातलं माणूस. साहेबांनी लिहिलेलं पुरं केलं. मी आत आले आणि चुलीवर काय होतं ते ढवळत बसले.

यजमान दुपारी जेवायला आले तेव्हा ताटाकडे बघून म्हणाले, "तू थय कित्याक इलंस?"

"तुमी बोला नाय म्हणान."

"दादाच्या तोंडार बोललंस. सगळ्या लोकांसमोर."

"मी खरा बोललंय."

"खरा बोललंस म्हणान दिवो पेटलो काय?" ते म्हणाले. मग ताट पुढे सरकवत, "माझी अब्रू काय ती गेली होती. आता घराची पण घालवलंस."

लग्नाला इतकी वर्षं झाली, ते मला असं कधी बोलले नव्हते. जेवण अर्धं टाकून ते बागेत निघून गेले. मला वाटलं होतं की मी त्यांच्या बाजूनं बोलले आहे. त्यांच्या मनात बाजू अशी काही नव्हती. एक भाऊ होता आणि एक बायको, आणि बायकोनं भावाला खोटं पाडायला बघितलं होतं, आणि तेही जमलं नव्हतं.

चार दिवसांनी लोक विसरले नाहीत. लाइनमनच्या पायात सळी घातली. त्याला खांबावर चढता येईना, म्हणून ऑफिसात बसायचं काम दिलं. त्याच्या जागी आलेल्याला आमच्याकडची एक वाट धड माहीत नव्हती. त्या पावसाळ्यात लाइट गेली की वाडीत प्रत्येक घरात एकच बोलणं. "आमच्या लाइनमनाचो पाय मोडलो म्हणान ही दशा." कोणी यजमानांचं नाव घेत नसत, फक्त ते समोरून जात असले की आवाज थोडा मोठा होई. चालवायला बोलावणं थांबलं. एका बाळंतिणीला नेताना तिचा सासरा स्वतः चालवायला बसला. त्याचा हात कसा आहे ते सगळ्यांना माहीत आहे.

दिरांनी कुडाळहून एक ड्रायव्हर ठेवला. पहिल्याच आठवड्यात तो गाडीतून उतरला आणि म्हणाला, "साहेब, ब्रेक मारला की मागचा उजवा इंडिकेटर जातो."

दीर लगेच म्हणाले, "असं? मग आजच दाखवून घे."

मी तुळशीला पाणी घालत होते. तेच वाक्य. पण उत्तरात होरन नव्हता, पंखा नव्हता, जाऊ हसली नव्हती.

कट्ट्याच्या मेकॅनिकला या वेळी डिकीतला गालिचा काढायची परवानगी मिळाली. खाली उजव्या कोपऱ्यात पत्रा फुगून पापडासारखा झाला होता, आणि दिव्याची वायर जिथे स्क्रूनं पत्र्याला आवळलेली असते तिथे स्क्रू बोटानं निघाला. खारं पाणी. दर वर्षी पावसाआधी जावेच्या माहेरून, मिठबावहून, खारवलेले बांगडे डिकीत घालून आणतात. मालवणचा मासळीबाजार केला की बर्फाचं पाणी गळत येतं. ते सगळं वर्षानुवर्षं त्या कोपऱ्यात उतरत होतं. डिकीला वास येतो म्हणून आम्ही वरून फिनेल मारायचो. मेकॅनिकनं पत्रा घासला, नवी वायर मारली, दुसऱ्या चांगल्या जागी बसवली. कंपनीच्या वायरीबद्दल कोणी बोललं नाही. तेव्हापासून दिवा एकदाही बंद पडलेला नाही.

रविवारी दिरांकडे पाहुणे आले होते. पडवीत बसून दीर सांगत होते, "सगळे मेकॅनिक हरले. शेवटाक माकाच गालिचो काढून बघूचो लागलो. अर्थिंग सुटलेला. ब्रेक मारल्यार सगळो करंट उलटो फिरता, समाजलास?" यजमान खळ्यात नारळ सोलत होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं. सुळावर नारळ मारायचा त्यांचा ठेका जरासुद्धा चुकला नाही.

त्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी त्यांना गाठलं. "आता तरी सांगा. दोष गाडयेत होतो, आता तेच सांगतत."

"कोणाक सांगू?"

"लाइनमनाक तरी. त्याका तरी कळू दे."

त्यांनी सोललेले नारळ एकावर एक रचले. बराच वेळ लावला. "जावया तेच्याकडे," ते म्हणाले. "मी पण तेच म्हणा होतंय. जावक व्हया."

माझ्या मनावरचा धोंडा उतरला. आम्ही एका दुपारी निघालो. घरचे भाजके काजू आणि आमसुलं घेतली. वाट चढाची आहे. यजमान पुढे चालत होते, मी मागे. मी सगळी वाट मनात एकच वाक्य जुळवत होते. इंडिकेटर दिलेला होता, दिवा विझला होता. एवढंच. दुसऱ्याच्या घरात, परक्या माणसांपुढे, ह्यांची जीभ अडली तर ते मी बोलणार होते. ते चुकू नये म्हणून मी शब्द मोजके केले होते.

लाइनमन ओसरीवर पाय लांब करून बसला होता. काठी बाजूला. त्याच्या बायकोनं आम्हाला बसायला चटई टाकली. तिच्या चेहऱ्यावर राग होता, पण आलेल्या माणसाला पाणी दिल्याशिवाय ती राहिली नाही. थोडा वेळ आंब्याचा मोहोर, काजूची बोंडं असलं बोलणं झालं. मग यजमानांनी हात जोडले.

"माझी चूक झाली," ते म्हणाले. "मी वळताना इंडिकेटर देवक इसारलंय. माका माफ कर."

मी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, दिरांनी पढवून पाठवलं असेल. पण पढवलेलं बोलताना ह्यांचा आवाज कसा होतो ते मला माहीत आहे, खळ्यात हवालदारांपुढे मी तो ऐकला होता. हा तसा नव्हता. डोळ्यांत पाणी होतं. इतके महिने सगळ्यांनी सांगितलं ते हळूहळू त्यांना आठवायला लागलं होतं. दांडी खाली केली ते पुसलं गेलं होतं, आणि त्या जागी न केलेली चूक येऊन बसली होती. गालिच्याखाली सापडलं ते गाडीचं होतं. त्यांच्याशी त्याचा संबंध राहिला नव्हता.

लाइनमननं बाजूची काठी थोडी लांब सारली. मग म्हणाला, "जावंदे. तू येवन सांगितलंस, ह्या मोठा. आजकाल कोण येता?" त्यानं यजमानांचा हात धरला. "उचलून नेलंस माका. ता इसारलंय नाय मी."

यजमानांचे खांदे खाली आले. अपघातानंतर त्यांना असं सैल बसलेलं मी बघितलं नव्हतं. माझं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ते वाक्य मी बोलले असते तर ह्यांना त्यांच्याच तोंडावर खोटं पाडलं असतं. तेही लाइनमननं हात धरलेला असताना.

त्याची बायको चहा घेऊन आली. माझ्या हातात कप देताना ती माझ्या जवळ बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "साधो माणूस तुजो. आपणान चूक कबूल केल्यान. आता वाडयेत कोणी काय बोलाचा नाय, मी सांगतंय सगळ्यांक."

तिनं सांगितलं. आता लोक ह्यांच्याशी नीट बोलतात, चूक पदरात घेणारा माणूस म्हणून. चालवायला अजून कोणी बोलवत नाही. त्या दिवशी मी तो चहा संपवला, कप विसळून तिच्या हातात दिला, आणि आम्ही उतारावरून घरी आलो. यजमान वाटेत बोलत होते, बऱ्याच दिवसांनी. मी हूं हूं करत होते.